सेनोनेंच्या शिकारीचं अंदाजपत्रक

दर वर्षी जुलै संपत आला की गोरा टीलमान कचेरीत मांसाचा डबा घेऊन यायचा. हरणाचं मांस, मीठ आणि धणे लावून, दोरीला टांगून कडक सुकवलेलं. दक्षिण आफ्रिकेतल्या माहिकेंगच्या पाणीपुरवठा कचेरीतले एकवीस जण त्या डब्याभोवती गोळा व्हायचे आणि टीलमान चिमट्यानं एकेकाला एकेक तुकडा द्यायचा. चेहरा असा, की जणू एकवीस कुटुंबं वर्षभर त्याच्यावरच जगतात.

ओलेबिले सेनोने त्या कचेरीत अंतर्गत हिशेबतपासनीस होते. वय बावन्न, नोकरी सव्वीस वर्षं. तीन दरपत्रकं मागवल्याशिवाय त्यांनी कधी छत्रीसुद्धा घेतली नव्हती. त्या वर्षी त्यांनी तुकडा तोंडात टाकून सहज विचारलं, "काय हो टीलमान, शिकारीला कितीसा खर्च येतो?"

टीलमान हसला. ते हसणं सेनोनेंना पुढे वर्षभर पुरलं.

"सेनोने, ते नुसत्या पैशाचं काम नाही. वर्षभर आधी आखणी लागते. शेत ठरवा, जनावर ठरवा, परवाने, गाडी, बंदूक. तुमच्या लोकांना जमण्यातलं नाही ते." मग जरा थांबून म्हणाला, "म्हणजे हिशेबखात्यातल्या लोकांना, असं म्हणतोय मी."

बोलणं एक वेळ सोडून देता आलं असतं. ते जरा थांबणं सोडून देता आलं नाही. आखणी जमणार नाही? ज्या माणसानं पाइपांची खरेदी चार वर्षं पुढची आखून ठेवली होती त्याला? वर टीलमान जाता जाता म्हणाला, "आणि पहिल्याच फेरीत कुडूचा तर विचारही करू नका. छोटं काहीतरी बघा."

कुडू म्हणजे पिळदार शिंगांचं थोरलं हरीण. उभं राहिलं तर शिंगं माणसाच्या डोक्याच्याही वर जातात. सेनोनेंनी तोवर कुडूचा विचार केलेलाच नव्हता. त्या क्षणापासून त्यांना दुसरं काही सुचेना.

संध्याकाळी बायको रानभाजी निवडत बसली होती. सेनोने दारातच म्हणाले, "कागिसोची आई, पुढच्या हिवाळ्यात मी शिकारीला जाणार."

"कुणाबरोबर?"

"कुणाबरोबर म्हणजे काय? मी स्वतः."

"तुम्ही कोंबडी कापायच्या वेळी घराबाहेर जाता."

"ती गोष्ट वेगळी. त्यात आखणी नसते."

"आणि पैसे?"

सेनोनेंनी स्वयंपाकघराच्या कपाटांकडे एक नजर टाकली. त्या कपाटांची दारं बदलायचं गेली तीन वर्षं चाललं होतं. बायकोनं ती नजर पाहिली आणि भाजीचा देठ जरा जोरात मोडला. नवऱ्याचा राग ताजा असताना बोलायचं नाही, शिळा झाला की बोलायचं, हा तिचा तेवीस वर्षांचा नियम होता.

त्याच आठवड्यात फाइल उघडली गेली. तिच्यात खर्चाची चौदा शीर्षकं होती. शेतावरचं दिवसाचं भाडं, जनावराचा दर, भाड्याची बंदूक, काडतुसं, कातडं काढण्याची मजुरी, मांस थंड ठेवण्याचं शुल्क, शिंगं भिंतीवर लावण्यालायक करून देणाऱ्याचा खर्च, परवाना, पेट्रोल, कपडे, टोपी. टोपीला वेगळं शीर्षक का, असं बायकोनं विचारलं तेव्हा कळलं की टोपी 'कपडे' या शीर्षकात बसत नाही, 'संरक्षण' मध्ये बसते. शेवटचं शीर्षक होतं 'अनपेक्षित खर्च, पाच टक्के'. पुढे जे जे झालं ते सगळं या पाच टक्क्यांत बसवायचं होतं.

नियमाप्रमाणे तीन शेतांना ईमेलनं पत्रं गेली. दोघांनी उत्तर दिलं नाही. तिसऱ्याचं उत्तर तासाभरात आलं, तेही असं गोड, की सेनोनेंना संशयच आला. मालकाचं नाव वेसेल. शेत माहिकेंगपासून दोनशे किलोमीटरवर. कुडूचा दर छत्तीस हजार रँड, निम्मी रक्कम आगाऊ, ती परत मिळणार नाही. सेनोनेंनी आकडा दोनदा वाचला. पण हा दर बरोबर आहे का, हे टीलमानला विचारायचं म्हणजे मानेवर पाय द्यायला त्याला बोलावणंच. शिवाय टीलमानच म्हणाला होता ना, झेपणारी गोष्ट नाही म्हणून? मग महाग असणारच. महाग आहे म्हणजे अस्सल आहे. फाइलीत 'एकच दरपत्रक आल्याने तेच मान्य' असा शेरा लिहून त्यांनी पैसे भरले.

वेसेलची पत्रं मात्र जरा विचित्रच होती. 'विमानतळावर घ्यायला गाडी पाठवू का?' सेनोनेंनी कळवलं, आमच्याकडे गाडी आहे. 'तुमच्याकडे सध्या हवा कशी आहे?' सेनोनेंनी कळवलं, तुमच्याकडे आहे तशीच. 'आमच्याकडे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतात, सवय होईल ना?' यावर सेनोने बराच वेळ विचार करत बसले आणि शेवटी त्यांनी लिहिलं, 'तीस वर्षांपासून आहे.' एकटा राहत असेल बिचारा, असं बायकोचं मत पडलं.

मग बंदूक. शेजारी दिनेओचे बाबा राहत. पोलिसातून सार्जंट होऊन निवृत्त झालेले. घरात बसून कंटाळलेल्या माणसाला शेजाऱ्याची अडचण म्हणजे सणच.

"स्वतःच्या बंदुकीचा परवाना विसरा, राव," ते कुंपणावर हात टेकून म्हणाले. "आधी प्रशिक्षण, मग परीक्षा, मग घरात पोलादी तिजोरी, मग ती बघायला माणूस येणार. तो यायच्या आत तुम्हीही निवृत्त. शेतावरची भाड्यानं घ्या. मालक शेजारी उभा असला की चालतं. नेम मात्र मी शिकवतो."

नेम झाडूच्या दांड्यावर शिकवला गेला. रोज सकाळी कचेरीत जायच्या आधी सेनोने अंगणात झाडू खांद्याला लावून उभे राहायचे आणि दिनेओचे बाबा कुंपणापलीकडून सूचना द्यायचे. "श्वास सोडा. अर्ध्यावर थांबा. आता बोट. बोट, राव, अख्खा हात नाही." रस्त्यानं चाललेल्या पाद्रीबाईंनी थांबून सेनोनेंच्या बायकोला हळूच विचारलं, की घरी सगळं ठीक आहे ना.

"जाळी काढताहेत," बायकोनं सांगितलं.

सेनोनेंनी ऐकलं. श्वास अर्ध्यावरच होता, तो तिथंच अडकला.

कपड्यांच्या दुकानात तर निराळंच. खाकी सदरा, खाकी विजार, जाड तळाचे बूट, सगळं अंगावर चढवून सेनोने आरशासमोर आले. माणूस खरंच शोभत होता. तेवढ्यात मागून एक बाई म्हणाल्या, "नऊ नंबरचे बूट कुठं ठेवलेत?"

"बाई, मी गिऱ्हाईक आहे."

"बरं. पण नऊ नंबर कुठं असतील?"

पाच मिनिटांनी एका म्हाताऱ्यानं तंबूची किंमत विचारली. मग एका जोडप्यानं चूल दाखवायला सांगितली. सेनोनेंचा राग एव्हाना कानांपर्यंत आला होता. पण खरी चीड कशाची, तर नऊ नंबरचे बूट कुठं आहेत, तंबू कितीचा आहे आणि चुलीवर किती सूट आहे, हे तिन्ही त्यांना माहीत होतं. फिरताना त्यांनी सगळे भाव पाहून ठेवले होते. त्यांनी तिघांनाही बरोबर उत्तरं दिली. चुलीचं जोडपं जाताना म्हणालं, "या दुकानात पहिल्यांदाच कुणी नीट बोललं."

परवान्याच्या कचेरीतलं दुःख याहून खोल होतं, कारण ते आपल्या माणसांनी दिलं. खिडकीमागची मुलगी त्यांच्याच वस्तीतली. तिनं अर्ज घेतला आणि हात पुढे केला. "साहेबांचं ओळखपत्र?"

सेनोनेंनी आपलं दिलं.

"हे तुमचं झालं, काका. शिकार करणाऱ्या साहेबांचं?"

"शिकार करणारा मीच."

मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं, अर्जाकडे पाहिलं, पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हांला पाठवलंय कुणी?"

"मला माझ्या रागानं पाठवलंय," सेनोने म्हणाले. "त्याचं ओळखपत्र काढायचं कुठं, ते सांग."

पण तोवर तिनं त्यांचं नाव 'सोबतचा माग काढणारा' या रकान्यात शाईनं लिहून टाकलं होतं. शाई खोडायची परवानगी नव्हती. नवा अर्ज, नवं शुल्क, आणि शुल्क घेणारी खिडकी गुरुवारी बंद. सेनोने तीनदा जाऊन आले. तिसऱ्यांदा मुलीनं अर्ज बरोबर भरला आणि विचारलं, "काका, खरंच सांगा, कुणाला कळणार नाही. साहेब कोण आहेत?"

इकडे बातमी नात्यात पसरली होती. जनावर अजून रानात चरत होतं आणि त्याची वाटणी पूर्ण झाली होती. डोकं मामाचं, तो रिवाजच. मागची तंगडी थोरल्या भावाची. कलेजं कुणाचं यावरून दोन चुलतभावांचं फोनवर बोलणं बंद झालं. फाइलीत या सगळ्याला शीर्षक नव्हतं.

जायच्या आदल्या रविवारी गावाहून आत्या आल्या. आत्यांचं नाव मोसेत्सानागापे. त्याचा अर्थ 'पुन्हा मुलगीच'. जन्माच्या वेळी बापानं हे नाव ठेवलं आणि आत्या गेली अठ्ठ्याहत्तर वर्षं घराण्यातल्या पुरुषांकडून त्याची भरपाई वसूल करत होत्या. सेनोनेंच्या घरात लग्न आत्यांशिवाय ठरत नसे आणि मयत आत्यांशिवाय उचलली जात नसे. शिकारीबद्दल त्यांना कुणी विचारलं नव्हतं, म्हणून त्या आपण होऊन आल्या होत्या.

आंबिलीचा पहिला चमचा घेऊन त्यांनी विचारलं, "जनावर कोणतं?"

"कुडू," सेनोने म्हणाले. मान आपोआप ताठ झाली.

"आपल्या भाषेत सांग."

सेनोनेंनी तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं.

कुडूला सेत्स्वानात थोलो म्हणतात. हे सेनोनेंना माहीत नव्हतं असं नाही. सेनोने रोलोंग घराण्यातले, आणि रोलोंगांचं देवक थोलो. ज्याचं देवक थोलो, त्यानं थोलो मारायचा नाही, खायचा नाही, त्याच्या कातड्यावर बसायचंसुद्धा नाही. लहानपणापासून लग्नात, बारशात, मयतीत थोरल्यांनी त्यांना 'थोलो' म्हणूनच हाक मारली होती. आणि कुडू हा शब्द त्यांनी गेल्या अकरा महिन्यांत फाइलीत नाही म्हटलं तरी दोनशे वेळा लिहिला होता. पण थोलो घरात असायचा आणि कुडू कचेरीत. दोघांची कधी गाठच पडली नव्हती.

"थोलो," सेनोने शेवटी म्हणाले. आवाज पार बारीक झाला होता.

आत्यांनी चमचा खाली ठेवला. "म्हणजे तू आजोबांना गोळी घालायला पैसे भरलेस."

"अर्धेच भरलेत, आत्या. उरलेले तिथं गेल्यावर."

बायकोनं शालीच्या टोकाआड तोंड लपवलं. ती हसत होती की रडत, हे सेनोनेंनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर अनपेक्षित खर्च आणखी वाढला असता.

त्या रात्रीपासून सेनोनेंचा राग प्रथमच स्वतःकडे वळला, आणि त्या दिशेला तो फार वाईट लागत होता. चौदा शीर्षकं! टोपीला वेगळं शीर्षक! आणि आपण कोण, हे एकाही शीर्षकात नाही. दिनेओच्या बाबांनी तोडगा सुचवला. "माझं देवक मगर. कुडूशी माझं काही नातं नाही. गोळी मी घालतो, तुम्ही बघा."

"म्हणजे छत्तीस हजार मी भरायचे आणि तुमच्या शिकारीला टाळ्या वाजवायच्या?"

"मांसही तुम्ही खाऊ नका," दिनेओचे बाबा समजुतीच्या सुरात म्हणाले. "ते मी बघतो."

सेनोनेंनी वेसेलला लिहिलं, कुडूऐवजी वाइल्डबीस्ट द्या. हे रानरेड्यासारखं दिसणारं, दाढीचं, कुणाचं देवक नसलेलं जनावर. निदान नात्यात तरी कुणाचं नाही, याची त्यांनी तीन फोन करून खात्री केली. वेसेलचं उत्तर आलं, 'अट क्रमांक नऊप्रमाणे शेवटच्या चौदा दिवसांत बदल करता येत नाही.' सव्वीस वर्षं सेनोनेंनी ठेकेदारांना अट क्रमांक नऊ दाखवली होती. ती स्वतःला दाखवली गेली की कशी दिसते, हे त्यांना आता कळलं.

"तिथं जाऊन तोंडावर भांडतो," ते म्हणाले.

शनिवारी पहाटे ते गाडीपाशी आले तेव्हा पुढच्या सीटवर आत्या शाल लपेटून बसल्या होत्या. मांडीवर डबा, हातात छत्री.

"आत्या, तुम्ही कुठं?"

"तुझ्याबरोबर. तू रागात असलास की तुझ्या हाताचा भरवसा नाही."

शेताच्या फाटकावर कमान होती, कमानीला फुगे होते आणि मध्ये एक पाटी. पाटीवर इंग्रजी अक्षरं, पण शब्द काही इंग्रजी नव्हता. खाली वेसेल उभा होता. साठीचा, लालबुंद, केस पाण्यानं चापून बसवलेले. गाडी थांबताच तो धावत आला आणि सेनोनेंच्या खांद्यावरून मागच्या सीटकडे पाहू लागला.

"साहेब मागून येताहेत का?"

"कुठले साहेब?"

"सेनोने. बरं, तू गाडी त्या शेडमागे लाव. या बाईंना स्वयंपाकघराच्या दारानं आत पाठव, चहा मिळेल."

सेनोने गाडीतून उतरले. दार हळूच लावलं. फार हळू. कचेरीतल्या लोकांनी पाहिलं असतं तर ते टेबलाखाली शिरले असते. "मी सेनोने."

वेसेल हसला. "नाही नाही. सेनोने इटलीचे आहेत."

"इटलीला मी कधी गेलो नाही. मी माहिकेंगचा. ओलेबिले सेनोने."

वेसेलनं खिशातून कागद काढून वाचला. 'ओ. सेनोने.' सेनोने हे आडनाव त्याच्या कानाला इटालियन वाटलं होतं आणि त्या 'ओ'चा त्यानं मनातल्या मनात ओत्ताव्यो करून टाकला होता. ओत्ताव्योसाठी त्याच्या बायकोनं काल दिवसभर मॅकरोनी केली होती. ती पाटी म्हणजे इटालियनमधलं 'सुस्वागतम' होतं. विमानतळ, हवामान, रस्त्याची डावी बाजू, एकेक पत्र सेनोनेंच्या डोळ्यांपुढून सरकलं.

वेसेल पार ओशाळला. त्यानं त्यांना आत, समोरच्या दारानं नेलं. आणि तिथं भिंतीवर दरफलक होता. हिशेबतपासनीस माणूस भिंतीवरचा फलक वाचल्याशिवाय खुर्चीवर बसत नाही. कुडू, बारा हजार.

"हा दर कुणासाठी?" सेनोनेंनी विचारलं.

"तो... इथल्या लोकांसाठी."

"आणि छत्तीस हजार?"

"परदेशी पाहुण्यांसाठी."

"मी कुठला?"

वेसेल बायकोकडे पाहू लागला.

"मी इथला, वेसेलसाहेब. तुमच्या आधीपासून थोडासा." सेनोनेंचा आवाज चढला नव्हता, पण टेबलावरचे काटे-चमचे किणकिणत होते, कारण त्यांचा हात टेबलावर होता. "दुकानात मला नोकर समजले, मी बूट दाखवले. परवान्याच्या खिडकीत मला माग काढणारा समजले, मी तीन फेऱ्या मारल्या. तुमच्या फाटकात मला ड्रायव्हर समजले. साहेब म्हणून जगात मला एकानंच ओळखलं, तेही तिप्पट पैसे घ्यायच्या वेळी."

आत्या एवढ्या वेळात मॅकरोनी उचलून निरखत होत्या. "चांगल्या पिठाच्या नळ्या का केल्यात?" त्यांनी वेसेलच्या बायकोला विचारलं. सेनोनेंनी त्याचं भाषांतर केलं नाही.

वेसेल माणूस वाईट नव्हता. लाज वाटली की ती हिशेबात फेडावी, हे त्याला कळत होतं. सगळा व्यवहार इथल्या दरानं लावला, अट क्रमांक नऊ फाडून टाकली, कुडू रद्द, वाइल्डबीस्ट मान्य, उरलेले पैसे सोमवारी परत. सेनोनेंनी त्याच्याकडून ते लिहून घेतलं. पण राग काही उतरला नाही. हिशेब जुळला की राग उतरतो, हा त्यांचा जन्मभराचा अनुभव होता. आज हिशेब पैशापैशानं जुळला होता आणि राग होता तिथंच होता.

दुपारी उघड्या जीपमधून निघाले. त्याआधी सेनोनेंना फळीवर एक गोळी झाडायला दिली. फळी वाचली, पण ती ज्या खांबाला टांगली होती तो खांब गेला. "दिशा चांगली आहे," वेसेल म्हणाला. गाडी वेसेल चालवत होता. मागे सेनोने, आत्या आणि माग काढणारा केबोनांग, सत्तरीचा, काटकुळा म्हातारा. आत्या गाडीत काय करणार, असं वेसेलनं विचारून पाहिलं होतं. आत्यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

केबोनांगनं बराच वेळ सेनोनेंकडे निरखून पाहिलं आणि आपल्या भाषेत विचारलं, "तुम्ही कुणाला नाचता?" देवक विचारायची ही जुनी रीत.

"थोलोला."

म्हातारा हसला. "मीही." वेसेलला सेत्स्वाना येत होती ती 'फाटक उघड' आणि 'फाटक लाव' एवढीच, त्यामुळे केबोनांग मोकळेपणानं बोलू लागला. "त्या टेकडीवर एक थोरला आहे. चौदा वर्षं पाहुणे त्याच्यामागे आहेत. मालक सगळ्यांना सांगतो, जनावर फार हुशार आहे, वारा ओळखतं."

"ओळखतं का?"

"वारा मी ओळखतो. पाहुण्यांना वाऱ्याच्या बाजूनं नेतो. हुशार जनावर ते मीच." त्यानं आत्यांकडे अदबीनं पाहिलं. "आज तुम्ही वाइल्डबीस्टला निघालात, आणि घरातलं वडीलधारं माणूस आलंय. म्हटलं, भेट घडवावी."

त्यानं गाडीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली आणि वेसेलला टेकडीकडे हात केला.

वळणावरच तो उभा होता. काटेरी झुडपांत, साठ पावलांवर, राखी अंगावर पांढऱ्या चुन्याच्या रेघा, शिंगांचे तीन पीळ, मान वर. वेसेलनं गाडी बंद केली.

"सेनोने," तो कुजबुजला, "चौदा वर्षांत एवढ्या जवळून नाही दिसला. उतरा. घ्या. पैसे नकोत, फुकट. सकाळच्या गोष्टीबद्दल."

केबोनांगचा चेहरा पडला. हे त्याच्या आखणीत नव्हतं.

फुकट. सव्वीस वर्षांच्या नोकरीत सेनोनेंना हा शब्द कुणी दिला नव्हता. ते खाली उतरले. वेसेलनं तिकाटणं लावून दिलं, त्यावर बंदूक टेकवली. दुर्बिणीत थोलोचा खांदा एवढा जवळ दिसत होता की हात लावावा. श्वास सोडला. अर्ध्यावर थांबवला. आणि अकरा महिन्यांचा सगळा राग, ते जरा थांबून केलेलं बोलणं, नऊ नंबरचे बूट, शाईचा रकाना, शेडमागे लावायला सांगितलेली गाडी, सगळा उतरून त्या एका बोटात आला. देवक, रिवाज, आत्या, यांतलं काही त्या बोटाला ठाऊक नव्हतं. त्याला फक्त कुठंतरी लागायचं होतं.

मागे गाडीत आत्या उठून उभ्या राहिल्या. शाल सारखी केली. आणि सोयरे दारात आल्यावर बोलावं तशा, ना मोठ्या ना हळू आवाजात त्या बोलू लागल्या.

"आजोबा, बसा म्हणायला इथं काही नाही, राग मानू नका. मी मोसेत्सानागापे. खालच्या वस्तीतल्या सेनोनेंची. हा माझ्या भावाचा मुलगा, ओलेबिले. माहिकेंगला कचेरीत असतो. तुम्हांला कधी भेटला नाही, शहरात वाढला, म्हणून आज घेऊन आले. हातात काय आहे त्याकडे बघू नका. रागीट आहे, बापावर गेलाय. पण मनानं वाईट नाही. लोकांनी नऊ नंबरचे बूट मागितले, तर काढून देतो."

थोलोनं मोठाले कान आत्यांकडे वळवले. पळाला नाही. घरातला वडीलधारा नातवाच्या नोकरीची चौकशी ऐकून घेतो, तसं त्यानं सगळं ऐकून घेतलं.

बंदुकीच्या चापावरचं बोट कधी बाजूला सरकलं, ते सेनोनेंना कळलं नाही. दुर्बिणीत आता काही दिसत नव्हतं, काच धुरकट झाली होती. त्यांनी बंदूक खाली केली, डोक्यावरची टोपी काढली. मागे गाडीत केबोनांगनं आपली केव्हाच काढली होती. थोलोनं मान जराशी हलवली, वळला आणि झुडपांत शिरला, पळत नाही, चालत.

वेसेलला काही उमगेना. "तुमच्या आत्या बोलल्या म्हणून गेला तो! काय बोलत होत्या एवढं?"

"ओळख करून देत होत्या," सेनोने म्हणाले. बोलताना त्यांच्या लक्षात आलं की वर्षभर एकमेकांवर आवळून धरलेले आपले दात सुटले आहेत, आणि जबडा दुखतो आहे.

"मग आता वाइल्डबीस्टला जायचं ना?"

"आज नको. घरचं माणूस भेटलंय."

परत आल्यावर वेसेलनं नोंदवही पुढे केली. प्रत्येक शिकारीनं भरायची, सरकारी नियम. जनावर, अंतर, झाडलेल्या गोळ्या, आणि शेवटी निकालाचा रकाना, त्यात छापलेले तीन शब्द: मेले, जखमी, हुकले. नको असतील ते खोडा.

सेनोनेंनी आयुष्यात कधी छापील रकान्यात खाडाखोड केली नव्हती. त्यांनी पट्टी मागून घेतली आणि तिन्ही शब्दांवर एकेक सरळ रेघ मारली. खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'भेट झाली.' सही केली.

"काय लिहिलंस?" आत्यांनी विचारलं.

सेनोनेंनी वाचून दाखवलं.

"'आत्यांसोबत' लिही," आत्या म्हणाल्या. "नाहीतर पुढच्याला वाटेल, तू आपणहून गेला होतास."

सेनोनेंनी तेही लिहिलं.